अल्जेरियात माणसं राहतात तरी कुठे?

प्रश्न: नकाशात अल्जेरिया बघितला की सगळा पिवळाच दिसतो. मग तिथली साडेचार कोटींच्या वर माणसं राहतात कुठे? आणि ती सगळी अरबच ना?

उत्तर: पिवळा दिसतो ते बरोबरच आहे, ८० टक्क्यांहून जास्त भाग सहाराच आहे. त्यात देश आफ्रिकेतला सगळ्यात मोठा, जवळजवळ २४ लाख चौरस किलोमीटर. पण पाऊस पडतो तो फक्त उत्तरेच्या कडेला, भूमध्य समुद्रावरून हिवाळ्यात येणारे ढग टेल अॅटलासच्या डोंगरात अडतात, म्हणून गहू, ऑलिव्ह, द्राक्षं सगळं तिकडेच आणि अल्जिअर्स, ओरान, अन्नाबा ही मोठी शहरंही तिकडेच. दहातली जवळपास नऊ माणसं याच पट्ट्यात राहतात. जुर्जुराच्या डोंगरात तर चक्क बर्फ पडतो!

आता अरबांचं. अरब तिथे आले सातव्या शतकात, त्याच्या कितीतरी आधीपासून अमाझीग लोक (ज्यांना आपण बर्बर म्हणतो) तिथे आहेतच. आज बहुतेक लोक अरबी बोलतात पण मूळ बऱ्याच जणांचं अमाझीगच. काबिली डोंगरात, ऑरेसच्या डोंगरात, दक्षिणेला तुआरेग लोकांत त्यांच्या भाषा अजून घराघरात आहेत. तामाझिग्त या अमाझीग लोकांच्या भाषेला राजभाषेचा दर्जा मिळाला तो मात्र थेट २०१६ मध्ये, स्वातंत्र्य १९६२ चं, म्हणजे किती वर्षं थांबावं लागलं बघा. मला हा उशीर अन्यायच वाटतो.

आणि सहारा रिकामा आहे असंही समजू नका. म्झाब खोऱ्यात इस्लाममधल्या इबादी पंथाच्या लोकांनी हजारेक वर्षांपूर्वी गावं वसवली, घार्दाया त्यातलंच एक. तिकडे तुआत, गुरारा भागात फोग्गारा असतात, म्हणजे जमिनीखालून हलक्या उताराने खणलेले बोगदे, पंप नाही काही नाही, पाणी आपलं आपण खजुराच्या बागेपर्यंत येतं, आणि तिथे फणीसारख्या दगडी दात्यांमधून प्रत्येकाच्या वाट्याचं वेगळं होतं. कोणाचा वाटा किती हे मोजून ठरलेलं असतं. माझ्या मते त्या देशातली बघण्यासारखी सगळ्यात भारी गोष्ट हीच.

पण हल्ली खोल बोअर मारून उपसा वाढलाय, पाण्याची पातळी खाली जातेय आणि बऱ्याच फोग्गारा कोरड्या पडल्यात. जमिनीखालचं ते पाणी हजारो वर्षांपूर्वी साठलेलं आहे, वरून त्यात फारशी भर पडत नाही.