होडीकामाला सरकारी हात : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बाबा होड्या बांधतात, मी चार वर्षं त्यांच्या हाताखाली आहे. वय २२, दहावी पास, लग्न नाही. कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेतून दोघांनाही हत्यारं मिळतील का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : दोघांना नाही. या योजनेत नवरा, बायको आणि अविवाहित मुलं मिळून एक कुटुंब. लाभ त्यातल्या एकालाच. नाव कुणाचं घालायचं ते आधी घरात ठरवा. आमचं मत विचाराल तर तुमचं, कारण पुढची वर्षं तुमच्या हातात आहेत. योजनेतल्या १८ व्यवसायांत होडी बांधणारे आहेत, जाळी विणणारेही.

नोंदणी सीएससी म्हणजे सामान्य सेवा केंद्रात. आधार, रेशनकार्ड, पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाइल न्या. गाडं अडतं ते बहुधा इथंच: नंबर बंद पडलेला असतो, नाहीतर रंधा मारून झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही. ते आधी आधार केंद्रात अद्ययावत करा. नंतर ग्रामपंचायतीची पडताळणी असते. अर्ज तिथंच पडून नाही ना, विचारत राहा.

प्राथमिक प्रशिक्षण ५ ते ७ दिवसांचं. फी नाही, उलट दिवसाला ५०० रुपये. हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर मिळतं, रोख नाही. प्रशिक्षणानंतर १ लाखापर्यंत कर्ज, व्याज ५ टक्के, मुदत १८ महिने. ते घ्यायलाच हवं असं नाही. होडीचे पैसे टप्प्याटप्प्यानं येतात, हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला.

इंजिनाकडे ओढा असेल तर आयटीआयचा डिझेल मेकॅनिक पाहा. एक वर्षाचा आहे, दहावी चालते.