मॉडेलमधल्या फटी भरायला आणि छोट्या आकृत्या घडवायला कोणती इपॉक्सी पुट्टी घ्यावी?

१/७२ मापाच्या (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या) मॉडेल विमानात पंख आणि धड यांच्यामधली फट भरायची आहे, वैमानिकाची आकृतीही स्वतः घडवायची आहे, तर दोन्हीला एम-सील चालेल का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर दोन्ही कामांना एकच पुट्टी घेऊ नका. कडक झाल्यावर ती घासायची आहे की तिच्यावर बारीक चुण्या उठवायच्या आहेत, हे आधी ठरवा. निवड तिथेच होते.

फटीसाठी मी मिलिपुट वापरतो, त्यातही सुपरफाइन व्हाइट. ही दोन भाग (राळ आणि ती कडक करणारा हार्डनर) मळून वापरायची इपॉक्सी पुट्टी आहे. पिवळी-करडी स्टँडर्ड स्वस्त पडते, पण तिचा कण जाड असतो आणि पातळ कडा घासताना टवके उडतात. मिलिपुटचा मोठा गुण म्हणजे ओली असताना ती पाण्याने गुळगुळीत होते. दोन्ही भाग सारखे घेऊन रंग पूर्ण एकजीव होईपर्यंत मळा. पाच-एक मिनिटं तरी लागतात, इथे घाई केली तर पुट्टी मध्येच मऊ राहते. मग निरांजनाला करतो तशी बारीक वात वळून फटीवर ठेवा, हत्याराच्या ओल्या टोकाने आत दाबा आणि वर आलेली पुट्टी ओल्या इअरबडने पंखाच्या कडेला समांतर पुसून घ्या. पुसणं नीट जमलं तर पॉलिश पेपर जवळजवळ लागतच नाही आणि शेजारच्या पॅनल लाइन्स (विमानाच्या पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या कोरीव रेघा) शाबूत राहतात. हे महत्त्वाचं आहे, कारण कडक झालेली पुट्टी मॉडेलच्या प्लास्टिकपेक्षा टणक असते. घासत बसलात तर पुट्टी तशीच राहते आणि आजूबाजूचं प्लास्टिक खोल जातं.

केसाएवढी फट असेल तर इपॉक्सीच्या भानगडीत पडू नका. फेविक्विकचा थेंब सोडा आणि सुकल्यावर लगेच घासा, दुसऱ्या दिवसापर्यंत तो फार कडक होतो. ट्यूबमधली साधी पुट्टीही तिथे चालते. मोठ्या फटीत मात्र ती सुकताना आकसून खाली बसते, कारण तिच्यातलं द्रावण उडून जातं. इपॉक्सीत उडून जाण्यासारखं काही नसतं, ती रासायनिक क्रियेने कडक होते, म्हणून जवळजवळ आकसत नाही.

वैमानिकासाठी ग्रीन स्टफ घ्या, म्हणजे निळ्या-पिवळ्या पट्टीची नीडटाइट ही इपॉक्सी पुट्टी. ती कडक झाल्यावरही किंचित लवचीक राहते, त्यामुळे पातळ पट्टे, कॉलर, चुण्या मोडत नाहीत. त्याच कारणाने ती घासायला मात्र वाईट, लोकरीसारखे तंतू निघतात. पिवळा जास्त घेतला तर मऊ आणि चिकट, निळा जास्त घेतला तर कडक. मळल्यावर लगेच बारीक काम सुरू करू नका. अर्धा तास जाऊ द्या, मग कोरलेली रेघ जागेवर राहते. हत्यार सतत ओलं ठेवा. पट्टीत निळा-पिवळा एकमेकांना टेकतात तिथे कडक झालेली रेघ असते, ती मळण्याआधीच कापून टाका, नाहीतर गुठळ्या शेवटपर्यंत त्रास देतात. धारदार कडा हव्या असतील, उदाहरणार्थ पिस्तुलाचं म्यान, तर ग्रीन स्टफमध्ये थोडं मिलिपुट मिसळा. हे मिश्रण मला दोन्हींपेक्षा जास्त आवडतं.

आता एम-सील. ते गळक्या पाइपांसाठी बनलंय. तारेच्या सांगाड्यावर आतला भराव किंवा मॉडेलखालची जमीन करायला उत्तम, शिवाय कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. चेहऱ्याला नको. त्याचा लवकर कडक होणारा ‘फटाफट’ हा प्रकार तर आकाराच्या कामाला अजिबात नको, हात बसायच्या आत ते दगड होतं. मोठ्या आकाराची आकृती करणार असाल तर फेविक्रिलचं मोल्डइट बघा, १/७२ ला मात्र ते जाडंभरडं वाटतं.

आणि मनापासून सांगतो, नायट्राइलचे हातमोजे घाला. हार्डनरमुळे त्वचेला ॲलर्जी होऊ शकते आणि एकदा जडली की सहसा सुटत नाही. घासताना वॉटर पेपर पाण्यात बुडवूनच वापरा, म्हणजे धूळ नाकात जात नाही.