संकटात नेम कसा टिकवायचा

माऊली, नुकतीच वारकऱ्याची तुळशीची माळ घातलीत आणि घरात आजारपण आलं, तर आधी एक करा: नेम, म्हणजे रोजची ठरलेली उपासना, वाढवू नका. घाबरून पारायण, नवस, कडक उपवास सगळं एकदम अंगावर घेतलं की आठवड्यात मोडतं. मग 'देव कोपला' ही भीती बसते, आणि खरी श्रद्धा तिथेच खचते.

ज्ञानेश्वरांच्या हरिपाठाचे 27 अभंग साध्या चालीत साधारण अर्ध्या तासात होतात. दवाखान्यात तेवढं जमलं नाही तर 108 मण्यांची एक माळ 'रामकृष्णहरी' जपा. अंगठा आणि मधलं बोट, मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा वेगळा मणी, आला की माळ उलटी फिरवायची. रांगेत उभं राहूनही होतं. वेळ मात्र रोज तीच ठेवा. सुतकातही नाम थांबवायचं नाही.

मधुमेह असेल तर एकादशीला साबुदाणा टाळा, साखर झपाट्याने चढते. गोळ्या चुकवून उपास नको. डॉक्टरांना विचारून ठरवा.

रडू आलं, विठ्ठलावर राग आला, तर तो त्यालाच सांगा. दुष्काळात बायको आणि मुलगा गेलेल्या तुकोबांनीही देवाशी भांडण केलं, पण बोलणं तोडलं नाही. आणि शक्य तेव्हा भजनाला येऊन बसा. टाळ हातात नाही घेतला तरी चालेल.