आईबाबांसाठी संगणक की टॅबलेट? वाचकांचे प्रश्न

दिवाळीच्या खरेदीआधी आणि परदेशातली मुलं सुट्टीला यायच्या सुमारास एकच प्रश्न येत राहतो : आईबाबांसाठी कुठलं मॉडेल घेऊ? मॉडेल सगळ्यात शेवटी ठरतं. आधी ठरवायचं ते हे, की वापरणार कोण, कशासाठी, आणि अडलं तर मदतीला कोण येणार. मात्र एक पत्र थांबण्यासारखं नाही, म्हणून ते पहिलं.

बाबांना गेल्या आठवड्यात ‘केवायसी संपलंय’ असा फोन आला. समोरच्याच्या सांगण्यावरून त्यांनी एक अ‍ॅप घेतलं आणि खात्यातून चाळीस हजार गेले. बाबा म्हणतात, कुठे बोलू नका. आता फसवणूक होणार नाही असा टॅबलेट कुठला? (सिंहगड रोड)

टॅबलेट राहू द्या. तक्रार केली का? पत्रात तसं कुठे दिसत नाही, आणि आठवडा उलटला आहे. हे वाचताक्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, बँकेला फोन करून खातं आणि कार्ड रोखायला सांगा आणि शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्या. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात फिरवले जातात. वाटेत रोखता आले तरच परत मिळण्याची आशा असते. बाबांच्या फोनचं इंटरनेट बंद करा, ते अ‍ॅप काढा आणि पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला. ते अ‍ॅप आपली स्क्रीन समोरच्याला दाखवणारं असेल, तर फोन एकदा माहितगार माणसाकडून तपासून घ्या. आणि बाबांना रागावू नका. रागावलेल्या घरात पुढचा फोन आला तर तोही लपवला जाईल.

वडील ७६ वर्षांचे, ऑफिसात अनेक वर्षं संगणकावर काम केलेले. आता टॅबलेट सोपा पडेल ना? (कोथरूड)

नाही, संगणकच घ्या. ज्याच्या हाताला कीबोर्ड-माउसची सवय आहे, त्याला काचेवर बोट सरकवणं नव्याने शिकावं लागतं. मॉनिटर २४ इंची घ्या आणि अक्षरं मोठी करून द्या. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर मॉनिटर उंचावर नको; चष्म्याच्या खालच्या भागातून बघायला मान मागे टाकावी लागते आणि मग मानेचं दुखणं सुरू होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांना स्क्रीन किती अंतरावर असते ते मोजून सांगा आणि संगणकासाठी वेगळा चष्मा लागेल का ते विचारा.

आईला व्हिडिओ कॉल करायचे आहेत आणि कीर्तनं ऐकायची आहेत, बाकी काही नाही. केवढा टॅबलेट? (धनकवडी)

दहा-अकरा इंची, उभा ठेवायच्या स्टँडसकट.

दुकानदार म्हणतो, ‘८ अधिक ८, म्हणजे १६ जीबी रॅम’. घेऊ का? (औंध)

रॅम, म्हणजे चालू कामासाठीची तात्पुरती स्मृती, ८ जीबीच आहे. वरचे ८ जीबी स्टोरेजमधून, म्हणजे फोटो-अ‍ॅप साठवायच्या जागेतून, उसने घेतलेले असतात, आणि स्टोरेज रॅमच्या मानाने फार हळू चालतं. बॉक्सवर मोठ्या अक्षरात १६ छापलेलं मला दर सेलमध्ये दिसतं आणि दर वेळी चीड येते, कारण ते वाचणारा ग्राहक बहुतेकदा सत्तरीचा असतो. तशीच गोष्ट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेजच्या स्वस्त लॅपटॉपची. विंडोज ११ साठी ही किमान अट आहे, म्हणजे यंत्र सुरू होईल इतकंच. दोन-चार अपडेटनंतर जागा संपते आणि आई समजते की आपलंच काहीतरी चुकलं. ‘ज्येष्ठांसाठी खास पॅकेज’ म्हणून गळ्यात मारलेला अँटिव्हायरसही घरगुती वापराला बहुधा लागत नाही. विंडोजमध्ये डिफेंडर हा स्वतःचा अँटिव्हायरस असतोच. दुकानात एकच प्रश्न विचारा : सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार? तोंडी उत्तरावर विसंबू नका, कंपनीच्या संकेतस्थळावर वाचा. आणि आईला दुकानात बरोबर न्या.

मी टोरांटोला असतो, आई सहकारनगरला एकटी. टॅबलेट इथूनच घेऊन, माझं गुगल खातं आणि माझा नंबर घालून तयार पाठवतोय, म्हणजे तिला काही बघायलाच नको. बरोबर ना?

नाही. हेच पत्र मला वेगवेगळ्या शहरांमधून येत असतं, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमचं खातं घातलंत, की तुमचे ईमेल, संपर्क, साठवलेले पासवर्ड आईच्या टॅबलेटवर आले. तिने चुकून एक नंबर पुसला तर तो तुमच्या फोनमधूनही जाईल. आईच्या नावाचं खातं काढून त्यात फक्त तुमचा नंबर दिलात, तर दुसरी अडचण. ती पासवर्ड विसरली की पडताळणीचा कोड तुमच्याकडे येणार. पुण्यात दुपारचे बारा वाजलेले असतात तेव्हा तुमच्याकडे मध्यरात्र उलटलेली असते. उद्या तुम्ही नंबर बदलाल आणि हे विसरून जाल. मग कोणीतरी सुचवतं, सगळं पुसून नव्याने सुरू करा. बऱ्याच अँड्रॉइड टॅबलेटवर तसं केल्यावर आधीच्या खात्याचा पासवर्ड मागितला जातो. आयपॅडवरही तसंच कुलूप असतं. चांगलं यंत्र नुसतं पडून राहतं आणि त्यातले नातवंडांचे फोटो अडकतात.

खातं आईच्या नावाने, आईच्या नंबरावर उघडा. तुमचा नंबर आणि ईमेल फक्त खातं परत मिळवण्यासाठी जोडा. दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर फोनवरही ओळख पटवणं) लावलीत तर, फोन हाताशी नसताना वापरायला गुगल आठ-आठ अंकी दहा बॅकअप कोड देतं. ते कागदावर छापून आईच्या पासबुकाशेजारी कपाटात ठेवायला सांगा. पासवर्डही वहीत लिहू द्या. ‘पासवर्ड कधीच लिहू नये’ ही ऐकीव गोष्ट आहे. घरातल्या कपाटातल्या वहीपेक्षा फोनवर गोड बोलणारा अनोळखी माणूस कितीतरी जास्त धोक्याचा.

बँकेचं काम टॅबलेटवर लादू नका. यूपीआयच्या नोंदणीला बँकेशी जोडलेलं सिम त्याच यंत्रात लागतं, त्यामुळे ते फोनवरच राहू द्या. मोठी रक्कम हलवायची असेल तर आईने शाखेत जाऊन विचारावं. शिवाय तिकडे घेतलेल्या यंत्राची वॉरंटी पुण्यात चालेलच असं नाही. इथेच घ्या, आणि सेट करताना भाची, शेजारी, कोणीतरी तिच्याजवळ बसलेलं असू दे. तुम्ही व्हिडिओ कॉलवरून सांगा, बोट मात्र आईचं फिरू दे. ‘डिसेंबरमध्ये येईन तेव्हा बघू’ म्हणू नका. त्या पंधरा दिवसांत लग्नं असतात, जेवणं असतात, हे काम राहून जातं. आणि हे सगळं करण्याआधी आईला टॅबलेट हवा आहे का, ते तिला विचारलंत का?

माझा जुना विंडोज १० चा लॅपटॉप बाबांना देऊ? छान चालतोय. (निगडी)

आज छान चालतो, पण मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा, म्हणजे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोज ११ चढेल का, ते ‘पीसी हेल्थ चेक’ या मायक्रोसॉफ्टच्याच मोफत अ‍ॅपवर कळतं. चढत असेल तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी (तिच्यापेक्षा खूप वेगवान साठवण) बसवून घ्या. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, चार ठिकाणी भाव विचारा आणि बदललेल्या भागाचं पक्कं बिल मागा. चढत नसेल तर त्यावर बाबांचं बँकेचं काम नको.

स्क्रीनच्या निळ्या प्रकाशाने मोतीबिंदू वाढतो असं सोसायटीच्या ग्रुपवर आलंय. खास काच लावू का? (बिबवेवाडी)

नको. त्याला पुरावा नाही. डोळ्यांची तपासणी वेळेवर करा.

आईचा हात थरथरतो, एकदा टेकवलेलं बोट दोनदा लागतं. (वारजे)

आयपॅडवर ‘टच अकॉमोडेशन्स’ आणि अँड्रॉइडवर सुलभतेच्या सेटिंगमधला दाबून धरण्याचा वेळ, हे दोन्ही बदलता येतात. काही अँड्रॉइड टॅबलेटवर दुसऱ्यांदा लागलेला स्पर्श सोडून द्यायलाही सांगता येतं. बोटं फार कोरडी असली तर स्पर्श नीट लागत नाही, तिथे साधा स्टायलस (स्क्रीनवर टेकवायचं पेन) चालतो. मराठीत बोलून टाइप करायची सोयही चालू करून द्या. पण थरथर अलीकडेच सुरू झाली असेल तर टॅबलेटच्या सेटिंगमध्ये वेळ घालवू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.