पॉलक्स, पुनर्वसू आणि अश्विनी

‘खलाशांचा कैवारी, पुराणातल्या जुळ्यांपैकी एक आणि ठळक तारा’ या शब्दकोड्याच्या सूत्राचं उत्तर कॅस्टर की पॉलक्स, आणि मराठीत त्याला अश्विनी म्हटलं तर चालेल का, असा प्रश्न आला आहे.

उत्तर पॉलक्स. खलाशांचे कैवारी दोघेही, अक्षरंही दोन्हींत तीनच, त्यामुळे निवाडा ‘ठळक’वर. तेजाची ‘प्रत’ पॉलक्सची १.१४, कॅस्टरची १.५८, आकडा लहान तो तारा तेजस्वी. जर्मन नकाशाकार बायरने १६०३ मध्ये ताऱ्यांना ग्रीक अक्षरं देताना अल्फा, जे बहुधा सर्वांत ठळक ताऱ्याला मिळतं, ते कॅस्टरला दिलं, त्यामुळे अनेकांचा गोंधळ होतो.

ग्रीकांचा हा पॉलिड्यूकीस. पॉलक्स हे लॅटिन रूप. आई एकच, लीडा, पण पॉलक्स देवांचा राजा झ्यूस याचा मुलगा म्हणून अमर आणि कॅस्टर मर्त्य. भाऊ मारला गेला तेव्हा पॉलक्सने आपलं अमरत्व त्याच्याशी वाटून घेतलं. वादळात डोलकाठीच्या टोकाला विद्युतभारामुळे निळसर ज्योत दिसते. तशा दोन दिसल्या की रोमन दर्यावर्दी म्हणत, जुळे आले, आता भीती नाही. एकटी ज्योत मात्र त्यांची बहीण हेलन, आणि ती अशुभ.

आता मराठीचं. तारा म्हणून ‘अश्विनी’ साफ चूक, कारण ते नक्षत्र मेष राशीत आहे आणि कॅस्टर-पॉलक्स मिथुनेत. कथेपुरतं अश्विनीकुमारांशी साम्य मात्र खरोखर विलक्षण आहे. ऋग्वेदात ते समुद्रात सोडून दिलेल्या भुज्यूला शंभर वल्ह्यांच्या नावेतून सुखरूप घरी आणतात. त्यांना ‘दिवो नपाता’, म्हणजे द्यौचे, आकाशदेवाचे, वंशज म्हटलंय; ग्रीक जुळ्यांचं ‘डायोस्कुरी’ म्हणजे झ्यूसचे पुत्र. द्यौ आणि झ्यूस मुळात एकच शब्द.

ताऱ्यांसाठी आपला शब्द पुनर्वसू. मृगातल्या राजन्य (रायजेल) ताऱ्यापासून काक्षीकडे (बीटलज्यूस) रेघ काढून तशीच पुढे नेली की ही जोडी सापडते. संस्कृतात ‘पुनर्वसू’ हे द्विवचन, वेदात मात्र एकवचनही चालतं, अशी पाणिनीने खास नोंद केली आहे. मराठीत द्विवचन नसल्याने आपण ते एकाच नक्षत्राचं नाव म्हणून वापरतो आणि त्यातली जोडी नजरेआड होते. रघुवंशात ती लख्ख दिसते. मिथिलेत आलेल्या राम-लक्ष्मणांना कालिदास म्हणतो, ‘गां गताविव दिवः पुनर्वसू’: जणू आकाशातून भूमीवर उतरलेले दोन पुनर्वसू. रामाचं जन्मनक्षत्रही तेच, त्यामुळे ही उपमा मला फार आवडते.

शेतकऱ्यांच्या तोंडी याच नक्षत्राचा पाऊस ‘तरणा’ आणि पुढच्या पुष्याचा ‘म्हातारा’. खलाशांच्या कथेशी त्याचा संबंध नाही, पण शब्द जिवंत आहे तो तिथे.

तेव्हा मराठी कोड्यात एकट्या ताऱ्यासाठी सरळ पॉलक्स लिहावं. सूत्रात जोडी असेल तर पुनर्वसू.