सुटकेची तारीख आणि केंद्राची तारीख

तुझं पत्र वाचलं. मुलगा दोन महिने निरीक्षण गृहात, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना ठेवतात तिथे आहे, नशेसाठी हुंगायचा त्या व्हाइटनरला शिवलेला नाही, दोन वेळा पोटभर जेवतो, तर बाल न्याय मंडळाला द्यायच्या अहवालात 'व्यसनमुक्त' लिहू का, असं विचारतोस. लिहू नकोस. आत मिळत नाही म्हणून तो हुंगत नाही, याहून जास्त तुला काहीच माहीत नाही. खरे उपचार सुरू होतात ते तो गेटबाहेर पडल्यावर.

कायदा आडवा येत नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्यातल्या कलम 18 नुसार मंडळ व्यसनमुक्तीच्या उपचारांचा आदेश देऊ शकतं. पण आदेशात नुसतं 'समुपदेशन करावे' आलं, की कागद फायलीत जातो आणि पोरगं पुन्हा त्याच पुलाखाली. म्हणून व्यसनमुक्ती केंद्राचं नाव, वार, वेळ आणि सोबत कोण जाणार, हे सगळं अहवालात घाल. त्या दिवशी आईचा रोज बुडणार असेल तर तेही लिही. आणि दारू सोडायला आलेल्या बाप्यांच्या वॉर्डात त्याला ढकलू नकोस, तिथून पोरं नव्या नशेची माहिती घेऊन येतात.

व्हाइटनर, सोल्यूशन (पंक्चरचा डिंक) हुंगणं सोडवणारी गोळी नाही रे. 2019 च्या केंद्र सरकारच्या अहवालात मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आढळलेली नशा हीच, आणि हिच्यावर बदली औषधही नाही. माणूसच लागतो, तोही सुटकेच्या आठवड्यात. मुलगा गर्द, म्हणजे ब्राउन शुगर घेणारा असेल तर हे दिवस जिवावरचे. शरीराची सवय मोडलेली असते आणि तो घेतो जुन्याच मापाने. माझ्याकडचा एक मुलगा असाच गेला. जामीन झाला होता, केंद्राची तारीख मिळाली होती पुढच्या महिन्याची. त्यानंतर तारखेच्या बाबतीत मी कुणाचं ऐकलं नाही. 'मॅडम, गेटबाहेरचं आपलं काम नाही,' असं वरिष्ठांनी कितीदा सुनावलं. मग कुणाचं? मी हट्टी ठरले, ठरू दे. सुटकेच्या दिवशी मुलांना केंद्रात स्वतः घेऊन गेले, याचं मला आजही काही वाटत नाही.

तो पुन्हा हुंगेल, बहुतेक महिन्याभरातच. तेव्हा आदेश मोडला म्हणून त्याला मंडळापुढे उभं करायची घाई करू नकोस. आधी केंद्रात ने, डॉक्टरांना सांग, आणि डबी कोण देतं ते त्याच्याकडून शांतपणे काढून घे. मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला याच कायद्याच्या कलम 77 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, आणि आपण खेटे घालायला लावतो ते पोराला!

अहवालाचा मसुदा आधी मला पाठव. केंद्राची तारीख नसेल तर मी तो पुढे वाचणार नाही.