घरी केलेलं स्वीट अँड सावर पोर्क सॉसमध्ये पडताच मऊ का पडतं?

तुमच्या तीन तक्रारी आहेत: कुरकुरीत तळलेले तुकडे सॉसमध्ये घातले की लगेच लिबलिबीत होतात, मांस चिवट राहतं आणि सॉस नुसता केचपसारखा लागतो. पहिली सगळ्यात महत्त्वाची, आणि तिचं कारण पाणी. मांसातलं, भाज्यांना सुटणारं आणि पातळ सॉसमधलं. ते प्रत्येक पायरीवर कमी करत जायचं.

मी सांगतो ती दक्षिण चीनमधली, ग्वांगडाँग-हाँगकाँगकडची पद्धत. तिथे या पदार्थाला 'गु लो युक' म्हणतात. ईशान्य चीनमध्ये हार्बिनकडे 'गुओ बाओ रोउ' हा त्याचा चुलतभाऊ मिळतो: पसरट काप, बटाट्याच्या स्टार्चचं ओलं पीठ, पारंपरिक सॉसमध्ये केचप नाही. दोन्हींच्या कृती एकत्र करू नका, प्रमाण फसतं. आणि आपल्याकडच्या चायनीज हॉटेलात वाडगाभर ग्रेव्ही येते ती भातावर घ्यायला ठीक आहे. तिच्यात काहीच कुरकुरीत राहणार नाही.

400 ग्रॅम पोर्क घ्या, खांद्याचं किंवा मानेकडचं, मधूनमधून चरबीच्या रेषा असलेलं. चिवटपणाचं कारण बहुतेक वेळा इथेच असतं: पाठीचं बिनचरबीचं मांस दोनदा तळलं की कोरडं पडतं. तेच मिळालं तर मुरवताना पाव चमचा खायचा सोडा घाला, जास्त नको, साबणासारखी चव येते. अडीच सेंटिमीटरचे तुकडे करा आणि सुरीच्या पाठीने प्रत्येकावर दोन-तीन ठोके द्या. मग कागदाने टिपून अगदी कोरडे करा.

मुरवायला अर्धा चमचा मीठ, 2 चमचे लाइट सोया सॉस, 1 मोठा चमचा शाओशिंग वाइन (तांदळाची चिनी वाइन; नसेल तर सरळ वगळा), चिमूटभर पांढरी मिरी, एका अंड्याचा बलक आणि 1 मोठा चमचा कॉर्नफ्लोअर. इथे नुसता चमचा म्हणजे लहान, 5 मिली; मोठा 15 मिली. डार्क सोया नको, रंग काळपट होतो. अर्धा तास पुरे. ताज्या अननसाच्या रसात मात्र मांस मुरवू नका. त्यातलं ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम मांसाचे तंतू तोडतं आणि तुकडे पिठूळ होतात. डब्यातल्या अननसात ते उष्णतेने निकामी झालेलं असतं.

आवरणाला 80 ते 100 ग्रॅम कॉर्नफ्लोअर. म्हणजे पांढरं, बोटात करकरणारं. मक्याचं पिवळं पीठ नव्हे. निम्मं बटाट्याचं स्टार्च घेतलं तर कुरकुरीतपणा जरा हलका येतो. मैदा टाळा, त्यातल्या ग्लुटेनमुळे आवरण सॉस पिऊन चामट होतं. तुकडे पिठात दाबून घोळवा, जास्तीचं झटका आणि पाच-सात मिनिटं तसेच ठेवा. पीठ ओलसर होऊन मांसाला धरतं. कोरडं पीठ तेलात गेलं की तळाशी करपतं आणि पुढची खेप काळी होते.

आता तळणं, आणि इथेच सगळं ठरतं. कढईत साधारण 700 मिली तेल, 165 अंश सेल्सियस. थर्मामीटर नसेल तर ओल्या पिठाचा थेंब टाका: तळाला टेकून सावकाश वर आला की तेल तयार आहे. निम्मे-निम्मे तुकडे सोडा. एकदम सगळे टाकले तर तेल थंड होतं, मांसाचा रस बाहेर येतो आणि तुकडे तळण्याऐवजी उकडतात. साडेतीन-चार मिनिटांनी फिकट असतानाच काढा आणि जाळीवर ठेवा. कागदावर नको, आणि झाकण तर मुळीच नको, वाफ आवरणातच जिरते. एक तुकडा कापून बघा, आत गुलाबी दिसता कामा नये. पोर्कमध्ये फीतकृमीचा धोका असतो, त्यामुळे अर्धकच्चं चालत नाही.

पाच मिनिटांच्या विश्रांतीत आतली वाफ बाहेर येऊन आवरण पुन्हा ओलसर होतं. तो ओलावा दुसऱ्या तळणीत उडवायचा: तेल 190 अंशांवर (थेंब पडताच उसळतो), 45 ते 60 सेकंद, झाऱ्याने हलवत. तुकडे झाऱ्यावर एकमेकांवर आपटून खडखड वाजले की काढा.

सॉससाठी 60 मिली तांदळाचं व्हिनेगर, 60 ग्रॅम साखर, 3 मोठे चमचे केचप, 1 चमचा वूस्टर सॉस, 1 चमचा लाइट सोया, पाव चमचा मीठ, 2 मोठे चमचे पाणी. मीठ विसरू नका, त्याशिवाय आंबटगोड सॉस नुसत्या पाकासारखा सपक लागतो. केचप रंगापुरतं आणि थोड्या चवीपुरतं, आंबटपणा व्हिनेगरचाच हवा. तुमच्या सॉसला केचपची चव येते ती बहुधा व्हिनेगर कमी पडल्याने. कँटनी, म्हणजे ग्वांगडाँगकडच्या सॉसला केचपशिवाय लाली आणायची तर चिनी हॉथॉर्न, म्हणजे 'शानझा' नावाच्या आंबट फळाच्या, गर आणि साखर मिळून केलेल्या पातळ चकत्या वापरतात. त्या मिळाल्या तर चारपाच चकत्या सॉसमध्ये विरघळू द्या आणि केचप एक चमचाभर कमी करा. माझ्या मते चव जास्त खोल येते.

आपल्याकडचं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर नाकात जातं, म्हणून 45 मिली घेऊन डब्यातल्या अननसाचा रस 15 मिली मिसळा. गोव्यातलं माडाच्या सुरेचं व्हिनेगर आंबटपणाला चालतं, पण त्याचा स्वतःचा वास अननसावर चढतो आणि पदार्थ विंदालूकडे झुकतो. मी ते इथे वापरत नाही.

दोन चमचे कॉर्नफ्लोअर दीड मोठा चमचा पाण्यात कालवून बाजूला ठेवा. आधी एक ढोबळी मिरची आणि एक कांदा मोठ्या चौकोनी तुकड्यांत कापून दुसऱ्या कढईत मोठ्या आचेवर 45 सेकंद परता, टिपून कोरडा केलेला 120 ग्रॅम अननस घाला, लगेच सगळं ताटात काढा. जास्त वेळ परतलं तर पाणी सुटेल आणि ते सॉसमध्ये जाईल. त्याच कढईत चमचाभर तेलावर ठेचलेला लसूण आणि केचप 20 सेकंद परता, कच्चा वास जातो. मग सॉसचं बाकीचं साहित्य घाला. दीड मिनिट उकळलं की कालवलेलं कॉर्नफ्लोअर पुन्हा ढवळून दोनदा थोडं थोडं ओता. कलथ्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली आणि ती तशीच राहिली की दाटपणा बरोबर आहे. शेवटी दोन चमचे गरम तेल ढवळून घाला. चिनी आचारी सॉसला चकाकी यायला हेच करतात.

क्रम महत्त्वाचा. सॉस तयार होऊन मंद आचेवर थांबलेला असावा आणि दुसऱ्या तळणीतून काढलेले तुकडे थेट त्यात पडावेत. सॉसने मांसाची वाट पाहायची, मांसाने सॉसची नाही. भाज्या आणि मांस टाका, आच बंद करा, 15-20 सेकंदांत चार-पाच वेळा उलथून ताटात काढा. तुकड्यांना सॉसचं पातळ लेपन असावं, ताटाच्या तळाशी डबकं नसावं. डबकं दिसलं तर सॉस जास्त झालाय. पुढच्या वेळी सगळा ओतू नका.

पाहुणे येणार असतील तर पहिली तळण दोन तास आधी करून गार झाल्यावर तुकडे फ्रिजमध्ये उघडे ठेवा आणि दुसरी तळण पंगत बसल्यावर करा. फ्रिजमधून काढलेल्या तुकड्यांना 30 सेकंद जास्त लागतात. उरण्याची शक्यता वाटत असेल तर तेवढे तुकडे सॉसमध्ये घालूच नका. दुसऱ्या दिवशी ते 200 अंशांच्या ओव्हनमध्ये सात-आठ मिनिटं तापवून सॉस वेगळा गरम करा. सॉस लागलेले तुकडे पुन्हा कुरकुरीत करायचा उपाय नाही; ते भातात कालवून खा.